एका सीझनचा ठराव

जयंती सोमवारी होती, पण इंगोलश्टाटमध्ये सोमवारी सुट्टी कोण देणार? म्हणून राजानंदच्या घरी ती आदल्या रविवारीच साजरी झाली. वंदना झाली, खीर वाटून झाली, म्युनिकहून आलेली मंडळी जय भीम करून आपापल्या गाड्यांत बसली. मागे उरले घरचे आणि दोन पाहुणे. घरच्यांना आता सभा घ्यायची होती.

या घराण्यात सभेशिवाय पान हलत नसे. राजानंदचे वडील वासुदेवराव नागपूरला विहार समितीचे सेक्रेटरी होते, आणि जे विहारात तेच घरात, असा त्यांचा खाक्या. फ्रिज घ्यायचा तर सूचक हवा, अनुमोदक हवा. राजानंदने जर्मनीला जावं की नाही, हाही रीतसर ठरावच होता आणि तो जेमतेम पास झाला होता. राजानंदला त्यात मत नव्हतं. वासुदेवरावांचा नियमच होता: ज्याच्याबद्दल ठराव, त्याने बोलावं, पण मत देऊ नये. स्वतःच्या बाबतीत माणूस आंधळा असतो, असं ते म्हणत. घरातल्या कुणालाही हे वावगं वाटलं नव्हतं, कारण ज्याला वाटे त्याला नेमकं त्या वेळी मत नसे.

वासुदेवराव गेल्यावर अध्यक्षपद कमलाबाईंकडे आलं. सध्या त्या तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आल्या होत्या. बाई अध्यक्ष असली की सभा लवकर आटोपते, असं त्या अभिमानाने सांगत. प्रत्यक्षात ती लांबे, कारण त्यांना प्रत्येक गोष्टीत शंभर प्रश्न पडत.

आत्ताही त्या स्वयंपाकघरात पाहुण्या बाईंनी आणलेली मिरचीपूड जिभेवर ठेवून उभ्या होत्या.

"प्रिया, हे लालभडक दिसते आणि तिखट लागतच नाही. यांच्याकडे मिरची गोड असते का गं?"

"असते आई. हंगेरीत गोडच असते." सून प्रिया पातोडीचा रस्सा मंद आचेवर ठेवत म्हणाली.

"आपल्या भिवापुरी मिरचीचं बी दिलं तर लागेल तिथे?"

पाहुण्या बाई, इल्दिको, काही न कळून हसल्या. त्यांचं जर्मन बेताचं होतं आणि प्रियाला हंगेरियन येत नव्हतं. तरी सकाळपासून दोघींचं छान जमलं होतं. दोघींनीही वर्षानुवर्षं अंधारात उठून मुलांना स्केटिंगसाठी बर्फाच्या हॉलवर नेलं होतं. दोघींनाही ठाऊक होतं की तिथल्या बाकावर कितीही जाड कोट घातला तरी पाय गारठतातच. प्रियाला वाटलं, ही बाई नागपूरला भेटली असती तर आपण हिला मैत्रीणच म्हटलं असतं.

आजचा ठराव लेकीबद्दल होता, आणि प्रिया त्याच्या बाजूने होती. मैत्री, तिची सतरा वर्षांची लेक, आइस डान्स करायची. त्यात उंच उड्या नसतात, जोडीदाराला डोक्यावर उचलायचं नसतं. दोघांनी एकमेकांना धरून, बुटाच्या पात्याच्या कडेवर झुकून, गाण्याबरोबर नाचायचं असतं. मैत्रीचा जोडीदार लुकास शरद ऋतूत युनिव्हर्सिटीत गेला आणि त्याने खेळ सोडला. तेव्हापासून मैत्री एकटी होती, आणि या खेळात एकटीला स्पर्धाच नसते. मग जानेवारीत बेंसे भेटला. इल्दिकोचा मुलगा, हंगेरीचा, सराव म्युनिकमध्ये. रेका नावाच्या मुलीबरोबर तो युरोपियन स्पर्धेपर्यंत जाऊन आला होता, तिच्यानंतरची जोडीही सुटली होती, आणि आता तोही एकटा होता. तीन महिने दोघं एकत्र सराव करत होते, आणि प्रियाला आपली मुलगी इतकी खूष कधी दिसली नव्हती.

"आई, चला. सगळे थांबलेत," ती म्हणाली.

कमलाबाईंनी पदराला हात पुसले आणि सभेला निघाल्या.

बैठकीच्या खोलीत राजानंदने खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सोफ्यावर त्याचा धाकटा भाऊ संघर्ष आणि त्याची बायको स्नेहलता बसली होती. दोघं बॉबलिंगेनहून आली होती. नागपूरच्या प्लॉटवरून दोघा भावांत झालेल्या अबोल्यानंतर संघर्ष पहिल्यांदाच या घरात पाऊल टाकत होता. तो आला याचा राजानंदला आनंद झाला होता आणि ते दाखवायचं नाही असंही त्याने ठरवलं होतं.

खिडकीपाशी बेंसे ताठ बसला होता, हात मांड्यांवर. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसतात तसा. मैत्री त्याच्या शेजारी जमिनीवर.

"याला सांगितलंय ना काय चाललंय?" स्नेहलताने विचारलं.

"सांगितलं," मैत्री जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधूनच यायचं. "तो म्हणाला, त्यांच्याकडे घरात आई ठरवते."

"आपल्याकडेही तेच असतं," संघर्ष म्हणाला. "आपण फक्त आधी भाषणं करतो."

कमलाबाई खुर्चीत बसल्या. "सूचना कोणाची?"

"माझी," प्रिया म्हणाली. "मैत्रीने बेंसेबरोबर हंगेरीच्या वतीने नाचावं."

"अनुमोदन?"

राजानंदने मान खाली घातली. आणि संघर्षने हात वर केला. "माझं अनुमोदन."

प्रियाला हे अपेक्षित नव्हतं. राजानंदला तर मुळीच नव्हतं. त्याला वाटलं, हा मुद्दाम माझ्या विरोधात जातोय, प्लॉटचा राग इथे काढतोय. खरं म्हणजे संघर्षला पुतणीचं फार कौतुक होतं, आणि टीव्हीवर आपल्या घरातलं माणूस दिसावं अशी त्याची जुनी इच्छा होती. पण भावांमध्ये एकदा बिनसलं की चांगल्या हेतूचीही तपासणी होते.

"मला बोलायचंय," राजानंद म्हणाला. "आई, ही गोष्ट नीट समजून घे. पोरीचा पासपोर्ट भारताचा. आजवर नाचली जर्मनीकडून, कारण लुकास जर्मन होता. आता हंगेरी. उद्या हा गेला आणि कुणी फिनलंडचा आला, की फिनलंड? माणसाने एका ठिकाणी उभं राहावं."

"तुम्ही राहिलात का एका ठिकाणी?" प्रियाने विचारलं.

"मला ठरावाने पाठवलं होतं."

"पण हंगेरीच का?" कमलाबाईंनी मध्येच विचारलं. "जर्मनी का नको? हा पोरगा इथेच राहतो ना?"

याचं उत्तर संघर्षने दिलं. "काकू..." तो चुकून म्हणाला आणि स्वतःच हसला. लहानपणी एकत्र घरात चुलत भावंडांचं ऐकून तोही आईला काकू म्हणायचा. "आई, जर्मनीकडे अशा जोड्या पुष्कळ आहेत. हिचा नंबर कधी लागणार? हंगेरीकडे सध्या एकही नाही. पात्रतेपुरते गुण मिळवले की सरळ युरोपियन स्पर्धा. गेनाऊ, नेमका हाच मुद्दा आहे."

"मग अडलंय कुठे?"

"आल्झो, म्हणजे अडलंय ते असं," स्नेहलता म्हणाली. ती एका संशोधन संस्थेत होती आणि तिला कुणी अर्धवट बोललेलं खपत नसे. "मैत्री जर्मनीकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलीय. देश बदलायचा तर जर्मन संघाची फ्रायगाबे लागते, म्हणजे मोकळीक. ती मिळाली तरी एक वर्ष स्पर्धा बंद. शिवाय एकदा सोडून गेलेल्याला हा संघ पुन्हा दारात उभं करेल, असं मला वाटत नाही. आणि त्यात आबिटूर, शाळेची शेवटची परीक्षा. माझा विरोध आहे, पण वहिनी, रागावू नका."

"रागावत नाही," प्रिया रागावून म्हणाली.

"वर्षभर नुसतं बसायचं?" कमलाबाई.

"सराव करायचा. स्पर्धा नाही."

"आणि हात धरूनच सराव करतात का रोज?"

"हो आई."

"मग भांडण झालं तर? त्या दिवशी काय करतात?"

मैत्रीने हे बेंसेला सांगितलं. तो पहिल्यांदाच मोकळा हसला. "तरीही हात धरावाच लागतो," तो म्हणाला. "भांडण झालेल्या दिवशी जरा घट्ट."

कमलाबाईंना हे उत्तर फार आवडलं. संसारात अशी सोय असती तर बरं झालं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मतं मोजायची वेळ झाली होती. प्रिया आणि संघर्ष बाजूने, राजानंद आणि स्नेहलता विरोधात. नवरा-बायको फुटले होते, दोन्ही घरचे. अध्यक्षांचं निर्णायक मत उरलं होतं आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते.

त्या मात्र त्या पोराकडे बघत होत्या. तासभर त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं. त्याचा देश, त्याचा संघ, त्याचं वय. लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलाला पाणी तरी विचारतात.

"याला कोणी काही विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

"आई, पाहुण्याला सभेत बोलता येत नाही," राजानंद म्हणाला. "बाबांच्या वेळेपासून..."

"अध्यक्षांच्या परवानगीने येते. मी परवानगी देऊन राहिली. मैत्री, विचार त्याला. तुला काय पाहिजे?"

मैत्रीने विचारलं. इल्दिको हंगेरियनमध्ये पटकन काहीतरी म्हणाली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण सूर प्रियाला कळला. मुलाने गप्प बसावं म्हणून आया जगभर तोच सूर लावतात.

बेंसेने आईच्या हातावर हात ठेवला आणि तो जर्मनमध्ये, सावकाश, सगळ्यांना कळेल असं बोलला.

"मला मैत्रीबरोबर नाचायचंय. पण तुम्ही वर्षाबद्दल बोलताय, म्हणून सांगायला हवं. माझा उजवा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतात, ओढून ताणून दोन सीझन. त्यातला पुढचा तर मैत्री बाहेर बसणार. म्हणजे ती मोकळी होईल तेव्हा माझ्यात एक उरलेला असेल. कदाचित."

संघर्षने ते आईला मराठीत सांगितलं. मैत्रीने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

"आज सकाळी ट्रेनमध्ये ठरवलं होतं, पोचलो की तुला सांगायचं," तो तिला म्हणाला. "मग आल्याआल्या तुमची प्रार्थना सुरू झाली, मग जेवण, मग ही सभा. मध्ये जागाच सापडली नाही."

इल्दिको आता तुटक जर्मनमध्ये बोलू लागली, प्रियाकडेच बघत. वर्षभर स्पर्धा नाही म्हणजे गुडघ्याला आराम. आराम मिळाला तर कोण सांगावं, दोन होतील, तीन होतील. डॉक्टर काय, काहीही बोलतात. तिचे डोळे भरले होते. तिच्या मुलाने याशिवाय आयुष्यात काही केलेलं नव्हतं, आणि हे सगळं संपत आलंय असं मोठ्याने म्हणायला ती तयार नव्हती.

प्रियाला तिची दया आली आणि त्याच क्षणी रागही आला. हिने लपवलं. मी असते तर मीही लपवलं असतं, हेही तिला कळत होतं, पण त्याने राग कमी झाला नाही.

"मी सूचना मागे घेते," ती म्हणाली. "माझा विरोध."

"मग ती सूचना माझी. मी बाजूने," राजानंद म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. "अहो!" प्रिया म्हणाली.

"काय अहो? पंधरा वर्षं मी ब्रेकचे पार्ट तपासतोय. एक तरी सप्लायर आपण होऊन सांगतो का, की साहेब, आमचा पार्ट इतकाच टिकेल? आम्हाला तोडून बघावा लागतो. हा पोरगा विचारल्याबरोबर बोलला. माझ्या मुलीचा हात कुणाच्या हातात द्यायचा असेल तर मी याच्या देईन."

"तुमचा विश्वास बसला म्हणून पोरीने दोन वर्षं घालवायची?"

"दादा, हे बरोबर नाही," संघर्ष म्हणाला. मग आपण भावाच्या विरोधात पुन्हा बोललो हे लक्षात येऊन थबकला, आणि राजानंदच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "म्हणजे मुलगा चांगला आहे. हो, चांगलाच आहे. मी बाजूनेच आहे."

दोघा भावांनी कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एकाच बाजूला हात वर केला. स्नेहलता विरोधातच होती. ती कुठल्याही सभेत मत बदलत नसे, कारण ती आधी विचार करून येई.

पुन्हा दोन आणि दोन.

"आता तुमच्यावर, आई," प्रिया म्हणाली.

वासुदेवरावांच्या नियमाचा कमलाबाईंनी आयुष्यभर मान ठेवला होता. त्यांना शिवणकामाचा क्लास काढायचा होता, तेव्हाही त्यांनी बोलून घेतलं आणि मत दिलं नाही, आणि ठराव पडला. वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"एका माणसाला एक मत," त्या म्हणाल्या. "आज सकाळीच ज्यांना हार घातला, त्यांनी सांगितलं आहे. त्यात ज्याच्यावर बेतलं तो सोडून, असं काही म्हटलेलं मला आठवत नाही. राजा, तुला आठवते?"

राजानंदने नकारार्थी मान हलवली.

"मग माझं मत मी देत नाही. मैत्री देईल. बोल बाई."

मैत्री उभी राहिली. आपल्याला विचारतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. सकाळपासून ती फक्त मनातल्या मनात म्हणत होती, हो म्हणा, हो म्हणा. बेंसेबरोबर पहिल्यांदा वॉल्ट्झ करताना तिच्या पायाखालची कड आपोआप वाहत गेली होती, तिला काही करावं लागलं नव्हतं. लुकासबरोबर तसं एकदाही झालं नाही. ते पुन्हा कधी होईल याची खात्री नव्हती. एक सीझन तर एक सीझन, असं म्हटलं की काका टाळ्या वाजवतील, इल्दिको मिठी मारेल, आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा बर्फाच्या हॉलवर येतील. ते वाक्य तिच्या अगदी तोंडाशी आलं होतं.

पण ते खरं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, जर्मनमध्ये, आणि बेंसेकडे बघत. "मला एक सीझन नको. मला खूप वर्षं नाचायचंय. तू थांबलास की मी परत एकटी, आणि इथलं दार बंद झालेलं. मला तुझ्याबरोबरच आवडतं. तरी नाही."

"काय म्हणाली?" कमलाबाईंनी विचारलं.

संघर्षला एरवी भाषांतरात तिखटमीठ लावायची भारी हौस. आज त्याने बायकोकडे पाहिलं. स्नेहलताने जसंच्या तसं सांगितलं.

इल्दिको उठून स्वयंपाकघरात गेली. प्रियाला आपलीच बाजू जिंकल्याचं काहीच सुख झालं नाही. ती तिच्या मागे गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ नुसता नळच वाहत राहिला.

बेंसे उभा राहिला. तो मैत्रीला म्हणाला, "रेकाचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा ती म्हणाली, माझ्यासाठी एक वर्ष थांब. मी तेव्हा तुझ्याएवढा होतो. मी हेच सांगितलं."

"मग?"

"दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. परवा तिचा वाढदिवस होता, आम्ही फोनवर तासभर हसत होतो." त्याने तिचा हात हातात घेतला, रोज सराव संपल्यावर घ्यायचा तसाच. "तू माझ्यापेक्षा बरी आहेस. मी तिला 'नाही' फोनवर सांगितलं होतं."

राजानंद त्यांना स्टेशनवर सोडायला गेला. संघर्ष म्हणाला, मीही येतो, आणि दोघं भाऊ पाहुण्यांना पोचवून बऱ्याच उशिरा परतले. रस्सा आटला होता. त्यांनी तो तसाच खाल्ला.

हॉलमधला बर्फ दरवर्षीप्रमाणे महिनाअखेर वितळवणार होते. तोवर सकाळचा तास मैत्री आणि बेंसेच्या नावावर होता. बेंसे येणार नव्हता. गुरुवारी प्रिया मैत्रीला घेऊन निघाली, तर कमलाबाई राजानंदचं जाडजूड जॅकेट नऊवारीवर चढवून दारात उभ्या. "मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "इतकी भांडणं झाली त्याच्यावरून, ते असते तरी कसं?"

हॉल रिकामा होता. मैत्री बर्फावर उतरली आणि गाण्याशिवायच वॉल्ट्झ करू लागली. कमलाबाई कठड्याला धरून बघत राहिल्या. बर्फाचा असा आवाज येतो, कापड फाडल्यासारखा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरगी वळण घेऊन आली, पुन्हा गेली. तिचा डावा हात खांद्याच्या उंचीवर, बोटं किंचित वळलेली, उजवा बाजूला पसरलेला. एका फेरीतही ते हात खाली आले नाहीत.

ती जवळून जाताना कमलाबाईंनी हाक मारली. "अगं, हात असे का धरले? दुखतात का?"

मैत्री बर्फ उडवत थांबली. हात तसेच होते. "तिथे कोणीतरी असतो ना, आजी," ती मराठीत म्हणाली, अडखळत. "नसला तरी त्याची जागा ठेवायची. नाहीतर सवय जाते. मग कोणी आला की मी त्याला धडकते."

"कोण येणार आहे?"

"माहीत नाही."

ती पुन्हा निघाली. वळणावर तिचं तोंड क्षणभर इकडे झालं, आणि कमलाबाईंना दिसलं की ती रडते आहे, आणि डोळे पुसायला हात खाली घेत नाही. त्यांना अजून पुष्कळ विचारायचं होतं. ती कठड्याजवळून पुन्हा गेली, आणखी एकदा गेली, पण त्यांनी काही विचारलं नाही.